मांगुरातला कृमी आणि त्याची नावं

नागपूरहून भंडाऱ्याच्या वाटेवर कन्हानकाठचं मौदा लागतं. हा धानाचा पट्टा. इथल्या बोड्यांत म्हणजे छोट्या तळ्यांत, बांध्यांतल्या चिखलात राहणारा मासा म्हणजे मांगूर. त्याला थेट हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून पाणी आटलं तरी तो तग धरतो.

या मांगुराच्या आतड्यात एक पट्टकृमी सापडतो. १९२५ साली नागपूरच्या सायन्स कॉलेजातले प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी ‘पॅरासिटॉलॉजी’ या इंग्लंडच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं कॅरिओफिलियस इंडिकस.

प्राणी तसा अडचणीचाच. माणसाच्या पोटातल्या पट्टकृमीला शेकडो खंड असतात, प्रत्येक खंडात स्वतंत्र जननेंद्रियं. मांगुरातला हा कृमी मात्र अखंड, आणि जननेंद्रियांचा संच एकच. त्याची अंडी चिखलात पडतात, तिथले छोटे वलयी कृमी ती गिळतात आणि त्यांना मांगूर खातो.

कोणत्या वंशात त्याला बसवायचं, हे बाहेरून कळत नाही. कृमीचा पातळ आडवा काप घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचं कडं शोधायचं. अंड्यांना पोषण पुरवणाऱ्या पीतक ग्रंथी कड्याच्या आत असतील तर कॅरिओफिलियस, बाहेर असतील तर लायटोसेस्टस. १९२६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ वुडलंड यांनी मोघ्यांची जाती लायटोसेस्टसमध्ये हलवली. मोघ्यांनीही ते मान्य केलं आणि १९३१ साली त्याच नियतकालिकात, नव्या वंशनावाखाली, पुरवणी वर्णन दिलं. वर्गीकरणातला खरा सचोटीचा व्यवहार तो हाच.

पुढे नावांचं पीक आलं. मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे यांच्याभोवती कृमिशास्त्राची मोठी परंपरा उभी राहिली. मांगुरातल्या लायटोसेस्टसच्या नव्या जाती म्हणून मराठवाडा, नळदुर्ग, चाळीसगाव अशा ठिकाणांवरून नावं पडली. पण कृमी आकसतो, काचेखाली दाबला की पसरतो. मापं बदलली म्हणून जाती बदलत नाही. २०११ मध्ये अनिर्बाण अ‍ॅश, टोमाश शोल्झ आणि सहकाऱ्यांनी भारत, इंडोनेशिया, थायलंडमधले ताजे आणि संग्रहालयांतले नमुने तपासले. मांगुरातल्या अशा अखंड पट्टकृमींच्या फक्त ८ जाती त्यांनी वैध धरल्या. मोघ्यांची त्यांत टिकली. जातीच्या नावापुढे मोघ्यांचं नाव आता कंसात लिहितात, कारण वंश बदलला आहे.

दरम्यान माशाचंही नाव पालटलं. मांगुराला लावलं जाणारं क्लेरियस बॅट्राकस हे नाव जावाच्या माशाचं, असं २००८ मध्ये ठरलं. आपला मांगूर आता क्लेरियस मागूर. तो संकटग्रस्त आहे, आणि बंदी असूनही बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणून आफ्रिकी मासा विकला जातो. बोड्यांतल्या देशी मांगुराचे नमुने, आतल्या कृमींसकट, आजच नीट जतन व्हायला हवेत.