पांढरे कपडे, रंगीत पडदा

१ जुलै १९६७ रोजी ब्रिटनमध्ये रंगीत दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण झाले, आणि त्या रंगीत पडद्यावर दिसले काय, तर नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांतले दोन पुरुष, पांढरी रेषा आणि पांढरा चेंडू. क्लिफ ड्रिस्डेल विरुद्ध रॉजर टेलर, विम्बल्डन, बीबीसी-२. रंग म्हणून होती ती एक हिरवळ. पुढे ऐंशीच्या दशकात मी विम्बल्डनचे अंतिम सामने दूरदर्शनवर कृष्णधवल संचावर पाहिले. हिरवळ करडी दिसे एवढेच. बाकी फारसे काही बुडाले असे आजही वाटत नाही.

तरीही बीबीसीने टेनिस निवडले याचे मला नवल वाटत नाही. वाहिनीचे नियंत्रक तेव्हा डेव्हिड ॲटनबरो होते, आणि पश्चिम जर्मनीच्या आधी रंग दाखवायचा होता. कॅमेरे एकदा मांडले की रोज कित्येक तासांचे चित्रण घरबसल्या मिळेल असा खेळ दुसरा कुठला? शिवाय विम्बल्डनशी बीबीसीचे नाते जुने होते. २१ जून १९३७ रोजी सेंटर कोर्टावरचा बनी ऑस्टिन आणि जॉर्ज लिटलटन रॉजर्स यांचा सामना तिने लंडन परिसरातल्या मूठभर संचांवर दाखवला होता. अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सुरू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. १९३९ ते १९४६ महायुद्धामुळे पडदा बंद राहिला, आणि नंतर डॅन मॅस्केल यांचा आवाज आला. १९५१ ते १९९१ अशी चाळीस वर्षे समालोचन करूनही ते बोलण्यापेक्षा न बोलण्यासाठीच ओळखले गेले. आजच्या समालोचकांना त्यांची शिकवणी लावायला हवी.

पण १९६७चा खरा इतिहास जुलैचा नाही, ऑगस्टचा आहे.

त्या काळी विम्बल्डन फक्त हौशी खेळाडूंचे होते. व्यावसायिक करारावर सही केली की दार बंद. १९६२ साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकून रॉड लेव्हर व्यावसायिक झाला आणि पुढची पाच वर्षे त्याला विम्बल्डनमध्ये प्रवेश नव्हता. हौशी म्हणवणाऱ्यांना प्रवासखर्चाच्या नावाखाली टेबलाखालून पैसे मिळत, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणजे सोवळे फक्त दाखवण्यापुरते. क्लबचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड या ढोंगाला कंटाळले होते. रंगीत दूरचित्रवाणीचे निमित्त साधून बीबीसीने पैसे घातले, आणि ऑगस्टअखेर सेंटर कोर्टावर आठ व्यावसायिकांची स्पर्धा झाली: लेव्हर, रोझवॉल, होड, गोन्झालेझ, हिमेनो, स्टोल, रॉल्स्टन, बुखोल्झ. अंतिम सामन्यात लेव्हरने रोझवॉलला ६-२, ६-२, १२-१० असे हरवले. प्रेक्षागार भरले होते. डिसेंबरमध्ये ब्रिटिश टेनिस संघटनेने हौशी-व्यावसायिक भेद मोडीत काढला आणि १९६८चे विम्बल्डन सर्वांना खुले झाले.

टेनिसला मुक्ती दूरचित्रवाणीने दिली असे काहीजण सरसकट म्हणतात. ते मला पटत नाही. भांडण जुने होते आणि डेव्हिड यांच्यासारखी माणसे ते आधीपासून भांडत होती. कॅमेऱ्याने पैसा आणला आणि पुरावा दिला, की लोकांना हौस नव्हे, उत्तम खेळ पाहायचा आहे. मात्र जिथे पैसा आला तिथे त्याची वाटणीही उघडी पडली. ऑगस्टच्या त्या स्पर्धेत एकही स्त्री नव्हती. १९६८ साली विजेत्या लेव्हरला २,००० पौंड मिळाले, विजेत्या बिली जीन किंगला ७५०. बक्षिसे समान व्हायला २००७ उजाडले.

मग वेळापत्रकाचा जाच सुरू झाला. १९६९ साली गोन्झालेझ आणि पासारेल यांचा सामना ११२ गेम, ५ तास १२ मिनिटे चालला. दोन वर्षांत विम्बल्डनने टायब्रेक स्वीकारला, आधी ८-८ वर, १९७९ पासून ६-६ वर. पडद्यावर नीट दिसावा म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७२ साली पिवळा चेंडू मान्य केला. विम्बल्डनने मात्र १९८६ पर्यंत पांढराच वापरला. हा हट्ट मला आवडतो, कारण त्यात तोटा त्यांचाच होता.

आपल्याकडचे काय? त्याच १९६९ साली कलकत्त्याचा प्रेमजित लाल दुसऱ्या फेरीत लेव्हरविरुद्ध दोन सेटने पुढे होता. नंतरचे तीन सेट ६-३, ६-०, ६-० असे गेले आणि लेव्हरने त्या वर्षी पुन्हा चारही स्पर्धा जिंकल्या. कलकत्त्याला दूरचित्रवाणी यायला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. रामनाथन कृष्णन यांचे तर याहून विचित्र. जॅक क्रेमरचा व्यावसायिक करार नाकारून हौशी राहिलेला हा खेळाडू १९६० आणि १९६१, दोन्ही वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला. एकदा नील फ्रेझरकडून हरला, एकदा लेव्हरकडून, आणि दोघेही त्या त्या वर्षीचे विजेते. बीबीसीचे कॅमेरे तेव्हा विम्बल्डनवर होते. इकडे दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग नुकता सुरू झाला होता आणि बाकी देशाने कृष्णन वर्तमानपत्रात वाचले. त्यांच्या मद्रासमध्ये केंद्र उघडले १५ ऑगस्ट १९७५ रोजी. तोवर त्या दुसऱ्या उपांत्य फेरीला चौदा वर्षे उलटली होती.