नटाची उमेदवारी

कोणत्याही धंद्यात प्रवेश करावयाचा म्हटले म्हणजे काही काळ उमेदवारी करावी लागते. नवा वकील जुन्या वकिलाच्या कचेरीत बसून कागद चाळतो. वैद्याचा शिष्य खल घेऊन बसतो. सोनाराचा मुलगा भात्यापाशी बसल्याबसल्याच कारागीर होतो. ह्या काळात त्यांनी जेवावे कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. वकिलाला बाप पोसतो, शिष्याला गुरुगृही अन्न मिळते, सोनाराचा मुलगा घरीच असतो. नटाच्या बाबतीत मात्र हे उत्तर ठरलेले नाही. आणि ते ज्या ज्या काळी ज्या ज्या रीतीने मिळाले, त्याप्रमाणे मराठी नटवर्गाचे रूप बदलत गेले आहे. आपल्या रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटककारांचा व नाटकांचा म्हणून लिहिला जातो. नवशिक्या नटाच्या पानात अन्न कोणी वाढले, ह्या दृष्टीने तो एकदा वाचून पाहण्यासारखा आहे.

ह्या वाचनासाठी एखादे गाव डोळ्यांपुढे असणे बरे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर हे गाव घेऊ. गोदावरीच्या दक्षिणेचा हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पैठण येथून फार दूर नाही. म्हणजे ज्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून जोशी, गारुडी, महारीण अशी नाना सोंगे बोलती केली, त्यांचाच हा शेजार. सोंग आणणे, आवाज बदलणे, उभ्या गावाला हसवून मग गंभीर करणे, ह्या गोष्टी तेथील माणसाला परक्या असण्याचे कारण नाही. असे असता ह्या बाजूच्या मुलाला नाटकधंद्याचा दरवाजा इतका लांब का राहिला, ह्याचे उत्तर त्याच्या गुणांत शोधून सापडावयाचे नाही.

आरंभ सांगलीपासून करावा लागतो. १८४३ साली विष्णुदास भावे ह्यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला. ह्या पहिल्या नटांचे पोट राजाच्या आश्रयावर चालत होते. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले, आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. फिरती नाटक कंपनी ही संस्था अशी गरजेतून जन्मास आली. एकदा माणसे घर सोडून बाहेर पडली म्हणजे त्यांच्याबरोबर स्वयंपाकी, भांडीकुंडी व बिऱ्हाड ही आलीच. नाटक मंडळी हे रात्री प्रयोग करणारे आणि दिवसा एका पंगतीस बसणारे एक मोठे कुटुंब होऊन गेले.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि ह्या कुटुंबास एका विशेष प्रकारच्या मुलाची गरज भासू लागली. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. त्यात आता गाणे आले. तेव्हा ज्याचा चेहरा नाजूक व गळा गोड असा मुलगा हेरून आणणे हा कंपनीच्या मालकांचा एक उद्योगच झाला. अण्णासाहेबांनी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकरांना आणले व १८८२ सालच्या ‘सौभद्रा’त ते सुभद्रा म्हणून उभे राहिले. पुढील चाळीसपन्नास वर्षे नटाच्या धंद्यात शिरण्याचा मुख्य मार्ग हाच राहिला. मुलगा निवडला जाई, पालक त्याच्या वतीने करार करीत, मुलाला जेवण, कपडे व थोडाबहुत पगार मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात त्याचे बालपण व शाळा कंपनीच्या स्वाधीन होई.

हे सर्व क्रूर होते, असे आज सहज म्हणता येईल, आणि त्यात पुष्कळ तथ्यही आहे. आवाज फुटण्याचे वय आले की मुलाचे भवितव्य टांगणीस लागे. अक्षरज्ञान जेमतेम, दुसरा धंदा ठाऊक नाही, आणि ज्या गळ्यासाठी त्याला आणले तो गळाच दगा देऊ पाहतो. पण ह्याच पद्धतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोल्हापूरचे केशवराव भोसले १८९० साली जन्मले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि बालवयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. तेथे अगदी कोवळ्या वयात देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेची भूमिका करून त्यांनी नाव मिळविले, आणि १९०८ साली, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची संस्था काढली. शाळा व पैसा ह्या दोहोंस मुकलेल्या मुलाला त्या काळात इतक्या वर चढता येईल असे दुसरे धंदे फारसे नव्हते. कंपनीच्या पंगतीने त्याला जगविले आणि तालमीने घडविले.

तालीम हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून आपल्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांचे निम्मे आयुष्य नटांना शिकविण्यात गेले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे केलेले ‘विकारविलसित’ हे भाषांतर गणपतराव जोशी ह्यांनी रंगभूमीवर गाजविले, त्यामागे देवलांची शिकवणी होती. त्या शिकवणीस प्रवेशपरीक्षा नव्हती, फी नव्हती आणि अभ्यासक्रमही नव्हता. उमेदवार विंगेत उभा राहून रात्रीमागून रात्री तेच नाटक पाहत असे आणि सकाळी तालीममास्तरापुढे उभा राहत असे. मोठा नट आजारी पडला की त्याची पाळी येई. शिक्षण, निवास व पहिली नोकरी ही तीन कामे एकच संस्था करीत होती.

नारायण श्रीपाद राजहंस ह्यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. त्यांच्या घरी शिक्षणाची परंपरा होती, मुलाने नाटकात जावे अशी ओढ नव्हती. गाण्याचे पहिले धडे त्यांनी जळगावास मेहबूबखाँ ह्यांच्यापाशी घेतले. पुढे कानाच्या विकारावर उपचार करण्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मिरजेस पाठविले, आणि तेथेच १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरून शकुंतला झाले. अशा घरातील मुलाने तोंडाला रंग लावावयाचा, तर पाठीशी एखादा मोठा जामीनदार लागे. येथे खुद्द महाराजच होते. बालगंधर्वांची कीर्ती पुढे घरोघर गेली. त्यांच्या शालू नेसण्याची ढब कुलीन स्त्रियांनी उचलली. पण ज्या घरांनी ती ढब उचलली, त्या घरांतला मुलगा ‘मी नाटकात जातो’ म्हणाला असता तर काय झाले असते, हे सांगावयास नको. आपला मध्यमवर्ग नटावर अतोनात प्रेम करी आणि नटाच्या बिऱ्हाडाचे नाव मात्र भीतीने घेई.

मुलींना तर हा दरवाजा बंदच होता. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामती झाले ते अण्णा साळुंके, एका खानावळीतले स्वयंपाकी. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ह्या पडद्यावर आल्या. ह्या मायलेकींनी एक पिढी पुढे जाऊन पाऊल टाकले. कमलाबाई गोखले ह्यांचे चिरंजीव चंद्रकांत व नातू विक्रम हे दोघेही नट झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या घराला नटांच्या पंगतीचे भय उरले नाही, तेथे उमेदवारी वारशाने मिळू लागली. शिष्ट समाजाच्या दृष्टीने स्त्रीच्या प्रवेशास मान्यता मिळाली ती १९३३ साली, ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकापासून. त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक ह्यांनी स्त्रीभूमिका केल्या.

आता उमापुराकडे वळू. नाटक मंडळ्यांचा संसार मोठा; पडदे, पेट्या, कपडे, माणसे. तो आगगाडीने फिरे. मनमाडहून औरंगाबाद, जालना ह्या वाटेने हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या उत्तरेकडून गेला. दक्षिणेकडच्या बीड शहरास आगगाडी पाहण्यास २०२५ साल उजाडावे लागले. नट होण्यासाठी आधी कंपनी गावात यावी लागे व कोणाच्या तरी कानी मुलाचा गळा पडावा लागे. ही संधीच ह्या मुलखाला क्वचित मिळाली. जत्रेला बैलगाडीने येऊ शके तो तमाशाचा फड. आणि नीट पाहिले तर उमेदवारीची पद्धत फडाचीही तीच होती. फडाने मूल पोसावे, फडातच ते शिकावे, फडातच उभे राहावे. विठाबाई नारायणगावकर ह्यांच्यासारखी श्रेष्ठ कलावंतीण अशाच रीतीने, वडिलांच्या फडात वाढून तयार झाली. भेद होता तो प्रतिष्ठेचा व जातीचा. किर्लोस्कर मंडळीत गेलेल्या मुलाबद्दल चार घरांत हळहळ व्यक्त होई. फडातल्या मुलीच्या बालपणाबद्दल कोणी हळहळण्याची तसदी घेत नसे.

मग १९३१ साली बोलपट आला आणि मराठीत १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’. पुढची पाचसहा वर्षे म्हणजे नाटक मंडळ्यांच्या अस्ताची कथा आहे. ‘बलवंत’ मंडळी चित्रपटाकडे वळली, बालगंधर्वांनी १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त काम केले, १९३७ साली बापूराव पेंढारकर वारले आणि ‘ललितकलादर्श’ही काही वर्षे थांबली. ह्या घटनेचे वर्णन करताना संगीताचा ऱ्हास, अभिरुचीतील पालट, कर्जबाजारीपणा ह्यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. पण कंपन्यांबरोबर नवशिक्याची पंगतही उठली, ह्याकडे लक्ष गेलेले नाही. ‘प्रभात’चे एक संस्थापक व्ही. शांताराम ह्यांनीही लहानपणी सुमारे वर्षभर गंधर्व नाटक मंडळीत किरकोळ कामे केली होती. ज्यांना त्या पंगतीत पहिला घास मिळाला, त्यांनीच पुढे चित्रपटाचा धंदा उभा केला. परंतु त्या धंद्याने कसलीही हमी न देता शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षे पोसण्याची जबाबदारी स्वीकारली नाही.

ह्यानंतर नाटक जगविले ते हौशी व प्रायोगिक संस्थांनी. त्यांचे ऋण मोठे आहे. नाटकात काम करणे हा सुशिक्षिताचा शौक होऊ शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून व पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना पहिले व्यासपीठ दिले. परंतु ह्या नव्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की उमेदवाराच्या जेवणाची सोय दुसरीकडे झालेली आहे. श्रीराम लागू शस्त्रवैद्य होते आणि हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षे उमेदवारी केल्यावर १९६९ च्या सुमारास त्यांनी व्यवसाय सोडला. निळू फुले पुण्यात माळीकाम करीत. बँकेत, कचेरीत, गिरणीत नोकरी करून संध्याकाळी तालमीस जाणारा नट ही त्या काळची ठराविक मूर्ती होय. ही नोकरी आणि ती संध्याकाळ पुण्यामुंबईस राहणाऱ्यास मिळे. उमापूरच्या मुलास आधी शहरात खोली मिळवावी लागे, मग नोकरी, मग तालीम. कंपनीच्या काळी एकाच पायरीत मिळणाऱ्या तीन गोष्टी आता त्याला स्वतःच्या खिशातून तीन ठिकाणी जमवाव्या लागल्या.

ह्या तुटीची काही प्रमाणात भरपाई शिक्षणसंस्थांनी केली. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्यविद्यालय १९५९ साली निघाले, पुण्याची चित्रपटसंस्था १९६० साली. मराठवाड्यास विद्यापीठ १९५८ साली मिळाले आणि पुढे त्यात नाट्यशास्त्राचा विभाग आला. तेथे शिकविणारे लक्ष्मण देशपांडे ह्यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने उभे केले. बावन्न माणसे, नेपथ्याचा पसारा नाही, कंपनी नाही. गोदाकाठच्या भारुडकाराची आठवण व्हावी असाच तो प्रकार. मराठवाड्याची बोली ऐकून पुण्यामुंबईचा प्रेक्षक खुर्चीला खिळून राहू शकतो, हे त्यामुळे ह्या भागातील पुष्कळ मुलांच्या प्रत्ययास आले. त्या विभागातून व भोवतालच्या महाविद्यालयांतून आलेले नट आज रंगभूमीवर व पडद्यावर सर्वत्र दिसतात. ह्या फळाचे श्रेय वसतिगृहालाही द्यावे लागेल. गावाकडचा मुलगा दोनतीन वर्षे निश्चिंतपणे एका ठिकाणी राहून, दोन वेळा जेवून, चुकतमाकत शिकू शकला, एवढीच सोय त्याला हवी होती.

जुनी कंपनी परत यावी असे म्हणण्याचा हेतू नाही. दहा वर्षांच्या मुलाचा गळा करारावर घेणारी व्यवस्था गेली ती बरीच गेली, आणि मुलींना वगळणारी रंगभूमी गेली तीही बरी. परंतु तिने ओळखलेले एक सत्य आपण तिच्याबरोबर पुरून टाकले. अभिनयाचा गुण गरीबश्रीमंत पाहून जन्मास येत नाही. तो पक्व होण्यास वेळ लागतो. आणि त्या वेळेचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. सांगलीच्या राजाने तो सोसला, कंपनीच्या मालकाने आपल्या स्वार्थासाठी का होईना सोसला, फडाने सोसला. आज शहरांतून अभिनयाचे वर्ग भरतात, तेथे हा खर्च शिकणाऱ्याच्या बापाकडून आगाऊ घेतला जातो. ज्या मुलाचा बाप तो देऊ शकत नाही, त्याच्या अंगी गुण नव्हते असे आपण मागाहून समजून चालतो.

म्हणून उमापूरच्या एखाद्या पालकाने आपल्या मुलाला ह्या धंद्यात घालावे की नाही असे विचारले, तर त्याला बालगंधर्वांचे वैभव सांगू नये आणि त्यांच्या अखेरच्या काळातील हलाखीही सांगू नये. त्याला इतकेच विचारावे, की पहिली तीनचार वर्षे ह्या मुलाने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हे ठरले आहे काय? विद्यापीठाचे वसतिगृह, एखादी शिष्यवृत्ती, शहरातला मामा, अर्धवेळची नोकरी, ह्यांपैकी काही ठरले असेल तर मुलाच्या गुणांची परीक्षा अवश्य होऊ द्यावी. ठरले नसेल तर ते ठरविण्याची जबाबदारी त्या एकट्या पालकाची नाही. जे लोक तिकीट काढून नाटकास जातात, त्या तुम्हाआम्हा सर्वांची ती आहे.