बेला कुठे सापडते?

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब आटोपला आणि आम्ही सहज फोनवर ‘बेला’ असे लिहून पाहिले. बेला शेंडे यांची गाणी आली, मोगऱ्याच्या जातीचे फूल आले, नागपूर जिल्ह्यातले बेला आले. पैनगंगेच्या अलीकडचे आपले बेला काही आले नाही. मंडल-जिल्ह्यासकट इंग्रजीत लिहिले, तेव्हा लोकसंख्या आणि पिनकोड तेवढा मिळाला.

हसलो, पण लागलेही. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपल्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण आंध्रात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. ती रेघ कुणी ओढली हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आता कोणते गाव आधी दिसेल हे ठरवणारे कोण आणि ते तिथवर कसे पोहोचले, हे आम्ही वर्षभर वाचून काढले.

आरंभी यंत्र नव्हतेच. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘याहू’ सुरू केले, ती माणसांनी निवडून लावलेली यादी होती. १९९५ च्या डिसेंबरात आलेले ‘अल्टाविस्टा’ मात्र पानांवरचे शब्द स्वतः वाचून शोधू लागले. लोकही हुशार. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शंभरदा लिहून ठेवत. माणसाला दिसत नसे, यंत्राला दिसे आणि पान वर चढे.

त्यावर तोड काढली ती लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी. सोयरिकीला निघालेला माणूस मुलाकडचे स्वतःबद्दल काय सांगतात यावर विसंबतो का? तो चार गावांत चौकशी करतो, आणि त्यातही ज्याच्या शब्दाला मान आहे त्याचे जास्त ऐकतो. या दोघांनी तेच गणितात बसवले. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला की तो त्याच्या बाजूने पडलेला शब्द, आणि ज्या पानाला स्वतःला पुष्कळ दुवे आहेत त्याच्या शब्दाचे वजन अधिक. १९९८ च्या सप्टेंबरात गूगल कंपनी झाली. २००० साली याहूने आपल्या पानावरच्या शोधाचे काम या पोरांच्या कंपनीकडे सोपवले आणि स्वतःचे यंत्र २००४ मध्ये लावले. चार वर्षे गिऱ्हाईक याहूच्या दारात येत होते आणि ओळख गूगलशी होत होती. आपला गल्ला दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या दुकानदाराचे जे होते, तेच झाले.

मायक्रोसॉफ्ट उशिरा जागी झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये तिने याहूला ४४.६ अब्ज डॉलर देऊ केले. याहूने नकार दिला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘बिंग’ काढले आणि त्याच याहूशी करार केला. २०१७ मध्ये याहूचा मुख्य धंदा व्हेरायझनला गेला तो साधारण साडेचार अब्जांना. बिंगच्या उभारणीत मोठा वाटा असलेले सत्या नडेला हैदराबादचे. २०१४ मध्ये ते मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी आपले राज्यही नवे झाले.

पण खरी लढाई यंत्रांची राहिलीच नव्हती, ती दाराची झाली होती. फोन उघडताच कुणाची शोधपेटी समोर यावी यासाठी गूगलने एकट्या २०२२ या वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. आपल्याकडे सीसीआय म्हटले की कापसाची खरेदी आठवते. पण दिल्लीत दुसरी एक सीसीआय आहे, स्पर्धा आयोग. तिने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटींचा दंड केला. तक्रार २०१२ ची होती.

दरम्यान, रांगेत पुढे कसे यायचे याचा एक धंदाच उभा राहिला. त्याला एसईओ म्हणतात. काहींनी दुवे विकत घेतले. २०११ आणि २०१२ मध्ये गूगलने ‘पांडा’ आणि ‘पेंग्विन’ अशा गोंडस नावांनी नियम कडक केले, तेव्हा पोकळ मजकुराची आणि विकतच्या दुव्यांची पाने भराभर खाली गेली. उरले ते साधे काम: यंत्राला वाचता येईल असे लिहा, मथळ्यात काय आहे ते सांगा, आणि दुसऱ्यांनी दुवा द्यावा असे काही लिहा.

आपले घोडे पहिल्याच पायरीवर अडले होते. डीटीपी आल्यावर मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फाँटमध्ये बसू लागला. माणसाला मराठी दिसे, यंत्राला मात्र रोमन अक्षरांची खिचडी. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी होती, पण ती घराघरांत पोहोचायला विंडोज २००० आणि त्यातला ‘मंगल’ फाँट यावा लागला. तो घडवला प्रा. र. कृ. जोशी यांनी. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. जाहिरातीचे पैसे मात्र इंग्रजीकडे. गूगलची पानांवरच्या जाहिरातींची सोय हिंदीला २०१४ च्या अखेरीस मिळाली आणि मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. लिहिणाऱ्याला पैसा नाही, म्हणून मजकूर नाही, म्हणून शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

आमच्या मंडळाचे पाप वेगळेच. स्मरणिकांचे जुने अंक आम्ही मोठ्या हौसेने फोटो काढून इंटरनेटवर चढवले होते, आणि प्रत्येक फाइलचे नाव नुसता एक आकडा. वाटणीच्या वर्षी बैलगाडीने राजुऱ्याला गेलेल्या सोयऱ्यांच्या आठवणी, मराठी शाळेच्या मास्तरांवरचे लेख, सगळे त्यात होते आणि कुणाला सापडत नव्हते. यंत्राच्या लेखी ती काही काळी चित्रे होती.

यंदा आम्ही ते लेख युनिकोडमध्ये टंकायला घेतले आहेत. प्रत्येक मथळ्याखाली ‘बेला, आदिलाबाद जिल्हा, तेलंगणा’ असे लिहितो, आणि गावाचे नाव तेलुगू लिपीतही देतो. शेजारच्या जैनदचे तर इंग्रजीत जैनद आणि जैनथ असे दोन्ही चालते. आम्ही दोन्ही ठेवतो, वाद नको. घाईचे कारण आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगला बोलते केले, मागोमाग गूगलही त्या वाटेने गेले. आता यंत्र पाने दाखवून थांबत नाही, स्वतःच उत्तर देते. बेल्यात कोण राहते, कोणती भाषा बोलते, हे उद्या कुणी विचारले तर ते पिनकोडवरून आणि जनगणनेवरूनच सांगणार.

अठरा लेख झाले आहेत. आपल्यापैकी ज्यांची मुले पुण्याला, हैदराबादला, परदेशी आहेत त्यांनी एकेक लेख टंकायला घ्यायला सांगावे. किनवट-राजुऱ्याच्या सोयऱ्यांनी आपल्या शाळांच्या, संस्थांच्या पानांवर या लेखांचा दुवा द्यावा. सगळ्यांत जुने काही अंक आमच्याकडे नाहीत. कुणाच्या माळ्यावर असतील तर आरतीच्या वेळी मंडपात आणून द्यावेत. ओल लागलेली, वाळवी लागलेली प्रतही चालेल. टंकून झाली की परत मिळेल.