वऱ्हाडांतील हरळी, कुंदा आणि पडीत जमिनीचे कागद

प्रांताचा इतिहास लिहितांना लढाया, तह व सनदा यांची छाननी पुष्कळ होते. परंतु कुणब्याचा जो पिढीजाद वैरी, त्या तणाची दखल क्वचितच घेतली जाते. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत हरळी व कुंदा या दोन गवतांनीं जो अंमल गाजविला, त्याचा जुन्या महसुली कागदांशीं कसा संबंध पोंचतो, हें येथें दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ओळखीचा प्रश्न. हरळी म्हणजेच दूर्वा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत तिचा उल्लेख आहे, आणि अग्निचयनांत दूर्वेष्टका सांगितली आहे. अमरकोशांत तिला शतपर्विका, रुहा व अनन्ता अशीं नांवें दिलीं आहेत. हीं नांवें देणाऱ्यांची दृष्टि किती सूक्ष्म होती, हें शेतांत गेल्यावर कळतें. शंभर पेरें असलेली, पुन्हा उगवणारी, अंत नसलेली. पूजकास हे गुण वाटतात, नांगरणाऱ्यास तेच दोष. देवघरांत जिचा मान, तिचाच धुऱ्यावर धाक.

इंग्रजींत खेकड्याच्या नांवानें ओळखलें जाणारें, हिरवळींत माजणारें एक गवत आहे. लिनीअसनें १७५३ सालीं तें व हरळी हीं दोन्ही पॅनिकम या एकाच वंशांत घातलीं होतीं. पुढें पहिलें डिजिटॅरिया वंशांत गेलें. दुसऱ्यास पर्सूननें १८०५ सालीं सायनोडॉन डॅक्टिलॉन हें नांव दिलें. गमतीची गोष्ट ही कीं, एका नांवांत बोटाचा लॅटिन शब्द आहे आणि दुसऱ्यांत ग्रीक. कारण दोहोंचाही तुरा पसरलेल्या बोटांसारखा दिसतो. परंतु साम्य येथेंच सरतें. डिजिटॅरियाचें तें तण एका वर्षाचें. बीं धरण्यापूर्वीं निंदलें कीं त्याचा बंदोबस्त झाला. हरळी बहुवर्षायु, तिच्या भूमिगत कांड्याचा तुकडा मागें राहिला तरी ती पुन्हा फुटते. म्हणून जुन्या कागदांत नुसतें ‘गवत’ किंवा ‘तण’ असें आढळल्यास तें कोणतें, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. एकाचा खर्च निंदणाचा, दुसऱ्याचा खणणीचा.

कुंदा याहून चिवट. त्याच्या मुळ्या भारी जमिनींत फार खोल जातात. वऱ्हाडांत मशागतीचें मुख्य औत वखर. त्याची पास कांहीं इंचच खालीं जाते, वरचें गवत कापलें जातें व मूळ शाबूत राहतें. म्हणून दरसाल वखर आणि हरळी-कुंदा माजला तरच नांगर, असा येथील परिपाठ होता. अशा नांगरास बैलांच्या अनेक जोड्या लागत. अर्थात् ज्याचे बैल गेले, त्याची जमीनहि गेली.

आतां इतिहासाकडे पाहूं. इ. स. १८०३ च्या २९ नोव्हेंबरास अडगांवची लढाई झाली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरास देवगांवचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला. याच सुमारास दुष्काळहि पडला. फौजांच्या वाटेवरील गांवांचे बैल आणि वैरण यांचें काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. तह एका दिवसांत होतो. दोन-चार वर्षें ओस पडलेलें रान पुन्हा वाहितीस आणण्यास मात्र पुष्कळ हंगाम लागतात. मराठी अमलांत पडीत जमिनीस कौल देऊन सारा क्रमाक्रमानें वाढविण्याची जी इस्ताव्याची पद्धत होती, तिचें कारण सामान्यतः झाडी तोडण्याचे श्रम असें समजलें जातें. काळ्या मैदानांत तोडावयास झाडी थोडी. तेथें ती सवलत मुख्यतः मुळ्या खणण्याची व बैल पुन्हा जोडण्याची मजुरी होती, असें आमचें मत आहे.

इंग्रजी पाहणीचे कागद या बाबतींत फारसे उपयोगी नाहींत. १८४७ च्या मुंबई इलाख्यांतील संयुक्त अहवालानें जमिनीची प्रत ठरवितांना चुनखड, वाळसर, उतरवट, उपळवट असे दोष मोजले; तण मोजलें नाहीं. तीच पद्धत १८६१ नंतर वऱ्हाडांत आली. तण हा जमिनीचा कायमचा दोष नसून वाहणाराच्या ऐपतीवर अवलंबून असतो, अशी त्यामागील समजूत दिसते. परिणाम असा कीं, कुणब्याचा हा मोठा खर्च प्रतबंदीच्या कोष्टकांबाहेर राहिला.

हा खर्च अजून मिटलेला नाहीं. अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें, तणनाशकें आलीं, आणि जून २०१९ मध्यें अकोट तालुक्यांतील अकोली जहागीर येथें शेतकऱ्यांनीं तणनाशक सोसणाऱ्या, परवानगी नसलेल्या कपाशीची उघड लावणी केली. त्या कायदेभंगाच्या मुळाशीं निंदणाच्या मजुरीचाच प्रश्न होता.

म्हणून संग्राहकांस विनंति. देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतून शिक्क्यांचीं पत्रें तेवढीं निवडून लावणीचे तक्ते, कौलनामे व मजुरीच्या याद्या रद्दींत घालूं नयेत. एखाद्या शेतापुढें पडीत असें किती सालें लागोपाठ लिहिलें आहे, नांगराचे बैल किती धरले आहेत, इस्तावा किती वर्षांचा आहे, एवढें टिपून ठेवावें. लढाईची तारीख इतर साधनांतूनहि मिळेल. त्या लढाईनंतर गांव कितव्या वर्षीं सांवरला, हें मात्र याच कागदांत सांपडेल, आणि ते वाळवीच्या तोंडीं गेल्यास दुसरीकडे कोठेंहि सांपडणार नाहीं.