ग्रेज अ‍ॅनाटमी : मेरेडिथ ग्रेच्या बहिणी

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २७ मार्च २००५ रोजी सुरू झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या रुग्णालयमालिकेतील दोन कथानके. मालिकेची जनक शोंडा राइम्स. नायिका सर्जन मेरेडिथ ग्रे (भूमिका : एलेन पॉम्पेओ). मालिकेचे नाव हेन्री ग्रे यांच्या १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथावरून बेतलेले आहे. उच्चार तोच, इंग्रजी लेखनात मात्र एका अक्षराचा फरक. प्रौढ झालेल्या, एकुलती म्हणून वाढलेल्या मेरेडिथला आपल्या कामाच्याच ठिकाणी बहीण भेटते, असे या मालिकेत दोनदा घडते. लेक्सी ग्रे (२००७) ही वडिलांकडून बहीण, तर मॅगी पिअर्स (२०१४) ही आईकडून.

मराठीत दोघींनाही ‘सावत्र’च म्हणावे लागते. हा शब्द सवतीशी नाते सांगणारा, म्हणजे वडील एक आणि आया दोन अशा भावंडांचा. लेक्सीला तो नेमका बसतो. आई एक आणि वडील दोन अशा भावंडांसाठी बोलीभाषेत वेगळा शब्द नाही, कारण असे नाते उघडपणे सांगण्याचा प्रसंगच आपल्याकडे क्वचित येई. कायद्याला मात्र तो भेद करावा लागला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये सख्खे, सापत्न आणि एकोदर अशी तीन नाती स्वतंत्रपणे सांगितली आहेत. त्या परिभाषेत लेक्सी सापत्न आणि मॅगी एकोदर. हा फरक पुढे कथानकालाही लागू पडतो.

पूर्वपीठिका : मेरेडिथची आई एलिस ग्रे (केट बर्टन) ही नामांकित सर्जन. प्रशिक्षणाच्या काळात तिचे सहकारी रिचर्ड वेबर (जेम्स पिकन्स ज्युनियर) यांच्याशी संबंध होते. दोघेही विवाहित. दोघांनी आपापला संसार सोडायचा असे ठरले होते. एलिसचा संसार मोडला, रिचर्ड मात्र पत्नी अडेलकडेच राहिले. एलिसचे पती थॅचर (जेफ पेरी) घर सोडून गेले तेव्हा मेरेडिथ पाच वर्षांची होती. त्यानंतर एलिसने स्वयंपाकघरात मनगटाची शीर कापून घेतली आणि कोणालाही फोन करायचा नाही असे मुलीला बजावले. आई बेशुद्ध पडेपर्यंत ते मूल तिथेच बसून राहिले आणि मग तिने मदत बोलावली. पुढे मायलेकी बॉस्टनला गेल्या. मालिका सुरू होते तेव्हा एलिसला कमी वयात जडणारा अल्झायमर झालेला आहे आणि मेरेडिथ तो लपवून ठेवते आहे. एलिसचा मृत्यू तिसऱ्या पर्वात होतो.

मॉली ग्रे : लेक्सीची धाकटी बहीण. दुसऱ्या पर्वात गरोदर रुग्ण म्हणून येते. वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि त्यात दोन मुली आहेत, हे मेरेडिथला याच सुमारास कळते.

लेक्सी ग्रे (कायलर ली) : तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, मे २००७ मध्ये, प्रथम दिसते. तिची आई सुझन हिचा मृत्यू मेरेडिथच्या रुग्णालयात, साध्या वाटणाऱ्या तक्रारीवरच्या उपचारांतून उद्‌भवलेल्या गुंतागुंतीने झालेला. त्या दुःखात थॅचरने रुग्णालयात सर्वांसमक्ष मेरेडिथच्या थोबाडीत मारलेली. एकट्या पडलेल्या वडिलांजवळ राहता यावे म्हणून लेक्सी बॉस्टनमधील जागा सोडून याच रुग्णालयात इंटर्न होते. ती हार्वर्डची पदवीधर. एकदा वाचलेले पान तिला जसेच्या तसे आठवते. तिला बहीण असल्याचे आधीपासून ठाऊक आहे आणि ती हात पुढे करते. मेरेडिथ तो बराच काळ झिडकारते. जो बाप आपल्याला लाभला नाही तो हिला पुरेपूर लाभला, ही मेरेडिथची खरी व्यथा. लेक्सीच्या बालपणीचे थॅचर प्रेमळ, घरी असणारे. मेरेडिथच्या आठवणीत त्यांची पाठ तेवढी आहे.

या नात्याची कसोटी सहाव्या पर्वात, २००९ मध्ये येते. दारूने थॅचरचे यकृत निकामी होते. दारू सोडून पुरेसा काळ न गेल्याने प्रतीक्षायादीत नाव लागत नाही, त्यामुळे जिवंत दाता हवा. लेक्सी यकृत द्यायला तयार असते, पण तिचे जुळत नाही, मेरेडिथचे जुळते. वैद्यकीयदृष्ट्या यात अशक्य काही नाही. यकृतदानात मुख्यतः रक्तगट आणि यकृताचा आकार पाहतात. एकाच बापाच्या दोन मुलींत एकीचे जुळावे आणि दुसरीचे नाही, हे प्रत्यक्षातही घडते. प्रौढ रुग्णासाठी बहुधा उजवा भाग, म्हणजे यकृताचा निम्म्याहून अधिक हिस्सा काढतात आणि दात्याचे यकृत काही आठवड्यांत ते महिन्यांत पुष्कळसे भरून येते. मेरेडिथ होकार देते तो वडिलांसाठी नव्हे, लेक्सीचा बाप वाचावा म्हणून. रक्ताचे नाते बापाकडून आले, पण ते नाते म्हणून मान्य केले जाते ते बापाला वगळून. मालिकेतील बहीणपणाचा हा सर्वांत भक्कम प्रसंग होय. लेक्सी काही काळ मेरेडिथच्याच घरी, पोटमाळ्यावर राहते.

आठव्या पर्वाच्या शेवटच्या भागात (१७ मे २०१२) विमान कोसळून लेक्सीचा मृत्यू होतो.

मॅगी पिअर्स (केली मॅक्रिअरी) : हृदयशल्यविशारद. दहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागात (१५ मे २०१४) ती रिचर्ड वेबर यांना सहज बोलता बोलता सांगते, की आपण दत्तक गेलेलो आहोत, जन्मदात्री आई याच रुग्णालयात काम करत होती आणि तिचे नाव एलिस ग्रे. ऐकणारा माणूस आपला बाप आहे हे तिला ठाऊक नाही. आपल्याला मुलगी आहे हे त्यांनाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. कॅमेरा रिचर्ड यांच्या चेहऱ्यावर थांबतो. ते काहीच बोलत नाहीत. मेरेडिथची जिवाभावाची मैत्रीण क्रिस्टिना यांग (सँड्रा ओ) याच भागात मालिकेतून निरोप घेते. तिची हृदयशल्यविभागातील जागा आणि नायिकेच्या आयुष्यातील पोकळी, दोन्ही मॅगीकडे येतात.

या नोंदीत मॅगीला अधिक जागा दिली आहे, कारण लेक्सीचे अस्तित्व हे फार तर न सांगितलेले सत्य होते. मॅगीचे मात्र खरोखर दडवलेले. ते जिने दडवले ती एलिस आता हयात नाही, आणि शेवटच्या वर्षांत तिच्या स्मृतीचाच ऱ्हास झाला होता. अडेलही नवव्या पर्वात वारली आहे. विचारावे कोणाला, हा प्रश्न उरतो. आणि साक्षीदार एकच, ती म्हणजे पाच वर्षांची मेरेडिथ. अकराव्या पर्वाच्या आरंभी मॅगी नाते सांगते तेव्हा मेरेडिथ ते उडवून लावते. आई गरोदर असती तर मला आठवले नसते का, असा तिचा रोकडा सवाल असतो.

उत्तर ‘ओन्ली मामा नोज’ या भागात (१६ ऑक्टोबर २०१४) मिळते. स्वयंपाकघरातील तो प्रसंग प्रेक्षकांनी पूर्वीपासून ऐकलेला. चौथ्या पर्वाच्या अखेरीस मानसोपचार घेताना मेरेडिथने त्याचा एक अर्थ लावला होता : आई सर्जन होती; मरायचेच असते तर कुठे कापावे हे तिला पक्के ठाऊक होते; तेव्हा तिला मरायचे नव्हते, रिचर्ड यांनी परत यावे एवढेच हवे होते. अकराव्या पर्वात त्याच आठवणीत आणखी एक गोष्ट दिसू लागते. एलिस तेव्हा गरोदर होती. बॉस्टनला जाणे ही केवळ नव्या नोकरीसाठीची वाट नव्हती; तिथे मूल जन्मले आणि दत्तक दिले गेले. मुलीने सगळे पाहिले होते, समजले काहीच नव्हते. लहान मुलांसमोर मोठी माणसे निर्धास्तपणे बोलतात, पुढे तीच मुले त्या घराचे दप्तर ठरतात; ही गोष्ट या भागात अतिशय हळुवारपणे दाखवली आहे.

तरुण एलिस इथे सॅली प्रेसमन हिने साकारली. सहाव्या पर्वातील ‘द टाइम वॉर्प’ या भागात (२०१०) ती भूमिका सारा पॉलसनकडे होती. तरुण रिचर्ड दोन्हीकडे जे. ऑगस्ट रिचर्ड्स. २०१० च्या भागात गरोदरपणाचा मागमूस नाही. मॅगीचे पात्र नंतर जोडले गेले असे त्यावरून मानतात, आणि एकूण मालिकेतील वर्षांचा हिशेब सर्वत्र जुळतोच असे नाही.

मॅगी रिचर्ड यांच्यावर चिडते ती त्यांनी तिला टाकले म्हणून नव्हे, तर कळल्यानंतरही ते गप्प बसले म्हणून. एलिस श्वेतवर्णीय, रिचर्ड कृष्णवर्णीय. १९८० च्या दशकाच्या आरंभी या मुलीला दडवण्यात वर्णाचा वाटा किती, याविषयी मतभेद संभवतात.

दत्तक नोंदींचा प्रश्न : मॅगीचा जन्म बॉस्टनमधला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्यातला. त्या राज्यात १७ जुलै १९७४ नंतर आणि २००८ पूर्वी जन्मलेल्या दत्तक व्यक्तींना मूळ जन्मदाखला न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळत नसे. ही अट २०२२ च्या कायद्याने उठली. मालिकेत हा तपशील येत नाही, परंतु मॅगीच्या पिढीतील हजारोंना आईचे नाव कळण्यासाठी किती दारे ठोठावावी लागली, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे ते सहज बोलणे पुरते समजत नाही.

आनुवंशिकता : अल्झायमरची भीती मेरेडिथ आणि मॅगी यांना समान, लेक्सीला नाही. मेरेडिथच्या चाचणीत धोक्याच्या खुणा सापडतात. एकोणिसाव्या पर्वात ती याच रोगाच्या संशोधनासाठी बॉस्टनला जाते.

दत्तक आई : डायन पिअर्स (लटान्या रिचर्डसन जॅक्सन). तेराव्या पर्वात तिला स्तनाचा कर्करोग होतो आणि ती तो प्रथम मॅगीपासूनच लपवते. तिच्या मृत्यूचा ‘बी स्टिल, माय सोल’ हा भाग (२०१७) एलेन पॉम्पेओने दिग्दर्शित केला. तिचे हे पहिलेच दिग्दर्शन. मॅगी हिलाच शेवटपर्यंत आई म्हणते, एलिसला नाही. दत्तक नात्याला दुय्यम न मानण्याची ही भूमिका या कथानकाची मोठी जमेची बाजू आहे.

थॅचर : पंधराव्या पर्वात रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू.



एकोणिसाव्या पर्वात, एप्रिल २०२३ मध्ये, मॅगी शिकागोला निघून जाते. मालिका त्यानंतरही चालू राहिली. विमान अपघातानंतर, नवव्या पर्वात, रुग्णालयाचे नाव बदलून ‘ग्रे स्लोन मेमोरियल’ करण्यात आले. त्यातील स्लोन म्हणजे त्याच अपघातामुळे दगावलेला मार्क स्लोन. ‘ग्रे’ हे नाव एलिसवरून किंवा मेरेडिथवरून नसून लेक्सीवरून ठेवलेले आहे.