जदुनाथ सरकार
सर जदुनाथ सरकार (१० डिसेंबर, १८७० - १९ मे, १९५८) हे मोगल व मराठा काळाचे विख्यात बंगाली इतिहासकार आणि इतिहासाचे प्राध्यापक होते. मराठी ग्रंथांत त्यांचा उल्लेख यदुनाथ सरकार असाही आढळतो. औरंगजेबाचा पाच खंडांतील इतिहास, शिवाजी महाराजांचे चरित्र व मोगल साम्राज्याच्या पतनावरील चार खंड ही त्यांची प्रमुख ग्रंथसंपदा होय.

शिक्षण व अध्यापन

जदुनाथांचा जन्म सध्याच्या बांगलादेशातील नाटोर परिसरातील करचमारिया या गावी झाला. १८९२ साली ते कलकत्ता विद्यापीठाची एम.ए. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले, तीही इंग्रजी साहित्य या विषयात. १८९३ मध्ये कलकत्त्याच्या रिपन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढे प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीसाठी केलेल्या अभ्यासातून औरंगजेबकालीन हिंदुस्थानावरील त्यांचा पहिला ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला आणि आयुष्याची दिशा ठरली.

त्यांच्या नोकरीचा मोठा भाग पाटणा कॉलेजात गेला. तेथील खुदाबक्ष ग्रंथालयातील फार्सी हस्तलिखिते हाताशी असणे हा त्यांच्या संशोधनाला मोठाच आधार ठरला. १९१७ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले. तेथून १९१९ साली कटकच्या रेव्हेन्शॉ कॉलेजात व १९२३ मध्ये पुन्हा पाटण्यास आले. १९२६ ते १९२८ या काळात ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांतील संशोधनाच्या दर्जावर त्यांनी आधीच परखड टीका केलेली असल्याने हा काळ संघर्षाचा गेला. १९२९ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

शिष्यांच्या बाबतीत ते कठोर होते, परंतु मोजक्याच शिष्यांवर त्यांनी मनापासून श्रम घेतले. कालिकारंजन कानुनगो आणि सीतामऊचे महाराजकुमार रघुवीर सिंह हे त्यांपैकी दोन. रघुवीर सिंहांनी पुढे सीतामऊ येथे हस्तलिखितांचा मोठा संग्रह उभा केला.

संशोधनपद्धती

अस्सल समकालीन कागद मिळाल्याशिवाय लिहायचे नाही, हा जदुनाथांचा दंडक होता. त्यासाठी ते फार्सी, मराठी व पोर्तुगीज शिकले. जयपूर दरबाराच्या संग्रहातील मोगल अखबारात, म्हणजे दरबारातून रोज लिहून पाठविली जाणारी बातमीपत्रे, यांचे मोल त्यांनी ओळखले. पुरंदरच्या तहासंबंधी मिर्झाराजे जयसिंग यांची पत्रेही त्यांनी उपयोगात आणली. मराठी साधनांपैकी सभासद बखरीस ते महत्त्व देत. उत्तरकालीन बखरींवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता.

महाराष्ट्राशी संबंध

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह अर्धशतकाहून अधिक टिकला. दोघांचा पत्रव्यवहार १९०४ पासूनचा आहे. बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर सरदेसाई कामशेत येथे राहू लागले, तेथे जदुनाथ वारंवार येत. पुण्यातील पेशवे दप्तर अभ्यासकांना खुले व्हावे यासाठी दोघांनी प्रयत्न केले. सरदेसायांनी त्यातून ४५ खंड संपादित केले; पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे संपादन दोघांच्या देखरेखीखाली झाले आणि महादजी शिंदे यांच्याविषयीचा पहिला खंड जदुनाथांनी स्वतः सिद्ध केला.

हे काम वादाविना झाले नाही. दप्तर कोणी हाताळावे व निवड कोणत्या निकषांवर व्हावी यावरून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील अभ्यासकांशी तीव्र मतभेद झाले. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या शिवचरित्रानेही महाराष्ट्रात नाराजी ओढवली. शिवाजी महाराजांच्या राज्यनिर्मितीचा त्यात मोठा गौरव आहे. पण जातिभेदामुळे मराठी राज्य आतून दुबळे राहिले, हा निष्कर्ष अनेकांना मान्य झाला नाही. मंडळाचे अभ्यासक मराठी कागद गोळा करण्यात अग्रेसर होते, तर जदुनाथांचा भर फार्सी साधनांवर. मतभेदाचे एक मूळ येथेही होते.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

फाळणीच्या काळात कलकत्त्यातील दंगलीत त्यांचा ज्येष्ठ पुत्र मारला गेला. तरीही मोगल साम्राज्याच्या पतनाचा शेवटचा खंड त्यांनी १९५० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, पूर्ण केला.

साम्राज्याच्या ऱ्हासाचे कारण त्यांनी मुख्यतः औरंगजेबाच्या धार्मिक धोरणात व राज्यकर्त्यांच्या चारित्र्यात शोधले. सतीशचंद्र यांनी जहागिरींच्या पेचप्रसंगावर, तर इरफान हबीब यांनी १९६३ च्या ग्रंथात शेतकऱ्यांच्या शोषणावर बोट ठेवून हे स्पष्टीकरण अपुरे ठरविले. मात्र मोहिमा, तारखा व मार्ग यांच्या तपशिलासाठी त्यांच्याही वाचकांना जदुनाथांचे खंड आजही उघडावे लागतात. त्यांचे कलकत्त्यातील घर आता 'जदुनाथ भवन' या नावाने संग्रहालय व संशोधन-केंद्र म्हणून वापरात आहे.