माहीमची ईस्ट इंडियन स्त्री : चित्रण आणि आत्माविष्कार

एखाद्या समाजातील स्त्रीचे इतरांनी केलेले चित्रण आणि तिचा स्वतःचा आत्माविष्कार या दोन भिन्न गोष्टी होत. माहीम, वांद्रे, वसई या पट्ट्यातील मराठीभाषक कॅथलिक स्त्रीच्या बाबतीत हा भेद विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

इ. स. १५३४ मध्ये वसईच्या तहान्वये माहीमसह ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या अमदानीत कोळी, भंडारी, कुणबी इत्यादी जातींतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तथापि घरची बोली आणि बायकांचे लुगडे सुटले नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी, समाजधुरीणांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नोकरीसाठी येणाऱ्या गोवेकर व मंगळुरी ख्रिश्चनांहून आपण निराळे आहोत, हे ठसविणे हा त्यामागील हेतू होता.

परंतु नाव मिळाले म्हणजे ओळख मिळतेच असे नाही. हिंदी चित्रपटाने कॅथलिक स्त्रीचा एकच साचा रूढ केला. १९७३ च्या ‘बॉबी’मधील नायिका ख्रिस्ती मच्छीमाराची मुलगी असून आखूड झग्यामुळेच ती प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. योगायोग असा की, माहीमच्या सेंट मायकेल चर्चची विद्यमान वास्तूही त्याच वर्षीची. १८८७ साली ज्या भेदासाठी नाव घेतले गेले, तो भेद पडद्यावर पुसला गेला. लुगडे नेसून मराठी बोलणारी ख्रिस्ती स्त्री त्या साच्यात बसत नव्हती. मराठी वाचकासही ती अपरिचितच राहिली.

तिचा आत्माविष्कार मात्र खंडित झाला नव्हता. लग्नातील ‘उंबराचे पाणी’ या विधीची गाणी, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरला जाणारा मसाला, स्वयंपाकघरातील बोली ही त्याची साधने होत. ती कागदावर क्वचितच उतरली. आज तीच गाणी व पाककृती भ्रमणध्वनीवर चित्रित होऊन समाजमाध्यमांवर येत आहेत. बोलणारी कोण, भाषा कोणती आणि वेश कोणता, हे येथे प्रथमच ती स्वतः ठरवू शकते.

तथापि येथेही नवा साचा घडण्याचा धोका आहे. सणाचे लुगडे वारंवार दिसते. कचेरीत वा रुग्णालयात काम करणाऱ्या त्याच स्त्रीचा रोजचा दिवस क्वचितच दिसतो. म्हणून या चित्रफिती कोणी, कोठे, केव्हा व कोणासाठी केल्या, याची नोंद आताच ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा ही बोली बोलणारी स्त्री उद्याच्या अभ्यासकास केवळ तिच्या वेशावरून ओळखावी लागेल.